एकच ‘जरा’, दोन आवाज

“जरा थांब, मी चमचा आणते.” दुसरीतल्या एका मुलीने आमच्या रविवारच्या वर्गात हे वाक्य वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही, कुठे अडखळली नाही. तरी मागच्या बाकावर बसलेली तिची आजी हसली, आणि आजी हसली म्हणून बाकीची मुलंही हसली. कारण मुलीने ‘जरा’मधला ज ‘जीवन’मधल्यासारखा म्हटला होता आणि ‘चमचा’मधले दोन्ही च ‘चिमणी’मधल्यासारखे. तिच्या शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकात असतात तसे. त्यानंतर त्या दिवशी तिने एक शब्दही मोठ्याने वाचला नाही.

आपल्या मंडळातले आम्ही काही जण चर्चच्या हॉलमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग घेतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मुलं सगळ्या घरांतली येतात. कोणाचे पणजोबा होळकरांच्या काळात इथे आलेले, कोणाचे आईवडील पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी. शाळा सगळ्यांच्या हिंदी किंवा इंग्रजी. मराठी घरात बोलली जाते, पण वाचली जात नाही. देवनागरी येते म्हणून आपण समजतो की मराठी वाचता येईलच. मीही तसंच समजत होतो. या लेखात आम्ही मोबाईल आणि क्यूआर कोड घेऊन काय केलं, काय फसलं आणि का, ते लिहितो आहे. पुढच्या महिन्यापासून जे नवीन मित्र-मैत्रिणी वर्गाला येणार आहेत त्यांना उपयोग होईल.

आधी अडचण नीट समजून घेऊ. मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दाखवायची सोय नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. लिहायला एकच, म्हणायला दोन. ‘जरा’ म्हणजे थोडं, आणि संस्कृतातून आलेला ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. पुढे इ, ए किंवा य असेल तर उच्चार तालव्यच होतो, म्हणून ‘माझा’मधला झ एक आणि ‘माझी’मधला दुसरा. एक ‘चमचा’ म्हणताना जीभ दातांमागे लागते, पण दोन ‘चमचे’ म्हटले की शेवटचा च टाळूकडे सरकतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द (चरण, चंद्र, जन्म) बहुधा तालव्य राहतात. बाकी ठिकाणी नियम नाही, शब्द ऐकलेला असावा लागतो. हिंदीत निदान काळजीने छापलेल्या पुस्तकात ‘ज़रा’ला खाली नुक्ता असतो. मराठीत तेवढाही आधार नाही, कारण मराठी वाचणाऱ्याने ती आधी कानाने शिकलेली आहे असं लिपीने गृहीत धरलं आहे.

आता गंमत बघा. तीच मुलगी हॉलबाहेर आजीला म्हणत होती, “आजी, जरा थांब ना!” आणि ज अगदी बरोबर. म्हणजे शब्द तिच्या तोंडात होता. पानावरचा ‘जरा’ आणि आपल्या तोंडातला ‘जरा’ एकच आहेत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही शिकवत होतो अक्षरं, जी तिला येतच होती.

हे कळायच्या आधी मी एक चूक करून बसलो होतो. मुलं कंटाळतात असं वाटून मी प्रोजेक्टर मागून आणला आणि रंगीत हलत्या चित्रांची मराठी गाणी लावली. हॉल भरला. मुलं नाचली, पालकांनी फोटो काढले, मलाही वाटलं जमलं भिया! चौथ्या रविवारी मी त्याच गाण्यांतले दहा शब्द फळ्यावर लिहिले. गाणं तोंडपाठ असलेल्या मुलांनाही ते शब्द ओळखता येईनात. गाण्याच्या ओळी पडद्यावर येतच नव्हत्या, येत होतं ते नाचणारं माकड. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं बरंचसं संशोधन याच गोष्टीवर आहे. धड्याशी संबंध नसलेली चित्रं, आवाज, गमती घातल्या की धडा मजेदार वाटतो, पण शिकणं कमी होतं, कारण मुलाचं लक्ष मर्यादित असतं आणि ते माकड खाऊन टाकतं. आमच्या माकडाने तर पूर्ण महिना खाल्ला.

याच्या बरोबर उलट विचार आपल्या देशातल्या एका साध्या कल्पनेत आहे. आयआयएम अहमदाबादमधल्या ब्रिज कोठारींना 1996 मध्ये सुचलं की टीव्हीवरच्या हिंदी गाण्यांखाली त्याच हिंदीत ओळी द्याव्यात आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग बदलावा. पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त ते आलंही. गाणं आधीच पाठ असतं, डोळा आपोआप ओळींवर जातो आणि वाचन होतं. तिथे पडदा मुलाला अक्षरांकडे नेतो. माझ्या प्रोजेक्टरने अक्षरांपासून दूर नेलं.

मग मी परितेवाडीबद्दल नीट वाचलं. रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, ते दहा लाख डॉलरच्या पुरस्कारामुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. 2009 मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा इमारत पडकी, एका बाजूला गोठा. 3 डिसेंबर 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. 140 हून जास्त देशांतून 12,000 पेक्षा जास्त नावं होती. त्यांनी अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली, ती बातमी तर पुरस्कारापेक्षा मोठी झाली.

पण आपल्या कामाची गोष्ट पुरस्काराच्या आधीची आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. कोड मोबाईलने स्कॅन केला की त्या पानावरची कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ उघडतो, स्वाध्याय मिळतो. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापून येऊ लागले आणि 2017 च्या शिक्षक दिनाला सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ मंचाशी जोडले गेले. बातम्यांत याला ‘डिजिटल क्रांती’ म्हणतात. मला त्यात आवडतं ते अगदी लहानसं आहे. कोड पुस्तकातच आहे. मूल पान उघडतं, ऐकतं आणि परत त्याच पानावर येतं. फोन मधल्या मध्ये दोन मिनिटांचा पाहुणा.

क्यूआर कोडबद्दल थोडं सांगतो, कारण वर्गात मुलं हे विचारतातच आणि आम्हाला पहिल्यांदा उत्तर देता आलं नव्हतं. 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. दुकानातल्या मालावर असतो त्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये फार थोडी माहिती मावते. यात आडवी आणि उभी, दोन्हीकडे मावते. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची कल्पना हारांना ‘गो’ या पटावरच्या खेळातून आली. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की कोड इथे आहे आणि तो कसा फिरवलेला आहे, म्हणून कार्ड उलटं धरलं तरी वाचलं जातं. आणि प्राथमिक शाळेसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात माहिती जास्तीची भरून ठेवलेली असते. चार पातळ्या आहेत, 7, 15, 25 आणि 30 टक्के. सगळ्यात वरची निवडली तर साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. आमच्या एका कार्डावर जलेबीचा पाक सांडला होता. मुलांनी ते पुसून स्कॅन केलं आणि चाललं. त्या दिवशी गणिताबद्दलचा आदर वाढला, कार्डं बनवणाऱ्याबद्दलचा नाही वाढला.

कोड दोन प्रकारे वापरता येतो आणि हा फरक कळला नाही तर वर्ग बुडतो. एक, मजकूर थेट कोडच्या आत. ‘हा शब्द उलटा वाच’, एखादं कोडं, एखादं उत्तर. याला नेट लागत नाही, फोन ते वाक्य लगेच पडद्यावर दाखवतो. फक्त लहान ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेतं. म्हणजे ‘जरा’ एवढ्या शब्दाला नऊ. मोठ्यात मोठ्या कोडमध्ये 2,953 बाइट मावतात खरे, पण इतका भरलेला कोड म्हणजे मुंग्यांचं वारूळ, साधा कॅमेरा तो वाचायला बसतच नाही. एक-दोन वाक्यं बस.

दुसरा प्रकार, कोडमध्ये फक्त पत्ता आणि आवाज दुसरीकडे ठेवलेला. आवाज कोडच्या आत मावत नाही, त्यामुळे उच्चारासाठी हाच घ्यावा लागतो. इथे आमची फजिती झाली. एका फुकटच्या संकेतस्थळावर मी चोवीस कोड बनवले, खजूरी बाजारातून जाड कागद आणून कार्डं छापली, कापली, आणि दोन आठवड्यांनी सगळे कोड एकदम मेले. स्कॅन केलं की ‘मुदत संपली, पैसे भरा’. झालं असं की त्या कोडमध्ये आमच्या फाइलचा पत्ता नव्हताच, त्या संकेतस्थळाचा होता, तिथून पुढे आमच्या फाइलकडे वळवलं जात होतं. म्हणून कोड बनवल्यावर आधी स्कॅन करून बघा, त्यात तुमच्याच फाइलचा पत्ता दिसतो का. दिसत असेल तर तो कोड कोणी बंद करू शकत नाही, फक्त फाइल जागेवर राहिली पाहिजे.

दुसऱ्या वेळी मी कोणाचा आवाज घ्यायचा यावर थांबलो. नेटवर छान, स्वच्छ, आकाशवाणीसारखे आवाज मिळतात. पण मला ती हसणारी आजी आठवत होती. तिच्याकडेच गेलो. त्या मूळच्या नगरकडच्या, लग्न होऊन इंदुरात आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. म्हणाल्या, “अरे, माझा कसला आवाज, आणि माझ्या दातांची तर बोंबच आहे.” मग बसल्या. आम्ही वीस शब्द आणि त्या शब्दांची वीस वाक्यं रेकॉर्ड केली. एका वेळी एकच शब्द, मग अर्धा श्वास थांबून वाक्य, सगळं मिळून दहा सेकंदांच्या आत. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. तरी सातव्या शब्दात कुकरची शिट्टी आहे. ती मी काढली नाही.

वर्गात कार्डं अशी वापरली. तीन मुलांत एक फोन. प्रत्येकाच्या हातात फोन दिला की प्रत्येक जण आपल्या बेटावर जातो, हे पहिल्या दिवशीच कळलं. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य मोठ्या अक्षरात, मागे कोड. आधी तिघांपैकी एकाने वाक्य वाचायचं, जसं येईल तसं. मग बाकी दोघांनी पैज लावायची, आजी असंच म्हणेल का वेगळं? मगच कार्ड उलटायचं आणि ऐकायचं. आणि शेवटी फोन पालथा ठेवून तिघांनी एकत्र पुन्हा वाचायचं. हा क्रम मोडू नका. आम्ही एका गटाला आधी ऐकायला दिलं होतं, त्यांनी पाठ म्हणून दाखवलं आणि कार्डाकडे पाहिलंच नाही. अंदाज आधी केला की कान टवकारले जातात, कारण आता आपण बरोबर होतो का हे कळणार असतं.

‘जरा’ची दोन कार्डं होती. एकावर “जरा पाणी दे”, दुसऱ्यावर “जरा म्हणजे म्हातारपण”. पहिल्या गटाने दोन्ही स्कॅन केली आणि त्यातला एक मुलगा ओरडला, “आजीने गलत बोललं!” मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकलं. शेवटी त्यानेच सांगितलं की शब्द दोन आहेत. मी सांगितलं असतं तर एक वाक्य झालं असतं. त्याला ते सापडलं. फोनचा सगळ्यात मोठा गुण मला इथे दिसला. तो दहाव्यांदासुद्धा न वैतागता तेच म्हणतो, आणि तो हसत नाही.

हे सगळं नवीन नाही, हेही मंडळाच्या वाचकांना सांगायला हवं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात इस्रोने नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही पोचवला, त्यात आपला मध्य प्रदेशही होता, आणि सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी होते. 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली, 2017 ला बंद पडली. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, आणि इकडे ‘हमारा घर हमारा विद्यालय’मध्ये सकाळी थाळी वाजवून घरातली शाळा भरवायची आणि धडे व्हॉट्सअॅपवर यायचे. माझी चुलत बहीण तेव्हा तिसरीत होती. थाळी ती मनापासून वाजवायची. धडा बघायची वेळ आली की फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असायचा.

फोनची टंचाई आता तेवढी राहिलेली नाही. ग्रामीण भारताच्या ‘असर 2024’ पाहणीत 14 ते 16 वयाच्या जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी 76 टक्के. त्याच पाहणीत सरकारी शाळेतल्या तिसरीच्या चारातल्या एकालाही दुसरीचा धडा वाचता येत नव्हता, नेमकं सांगायचं तर 23.4 टक्क्यांना येत होता. म्हणून कोणी ‘मुलांना डिजिटल करा’ म्हटलं की मला प्रश्न पडतो, कशासाठी? पानाला जे जमत नाही ते यंत्राकडून घ्यावं. पानाला आवाज काढता येत नाही, तो घेतला. पानाला चित्र दाखवता येतं, मग त्यासाठी पडदा कशाला?

ज्यांना तयार साहित्य हवंय त्यांच्यासाठी दोन नावं. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ 2015 पासून आहे, मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून वाटता येतात. आम्ही छापूनच वाटतो. दुसरं गूगलचं ‘रीड अलाँग’. मूल मोठ्याने वाचतं आणि अॅप ऐकून चूक दाखवतं. घरी एकट्याने वाचायला बरं आहे.

आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी खट्टू होऊ नये. याच राज्यात 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांतून विज्ञान हाताने करून शिकवायचा उपक्रम सुरू झाला होता. 1978 मध्ये टेल्कोतून वर्षाची रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे गेले आणि आठवडी बाजारातली सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन त्रिकोण, चौकोन, घन बनवू लागले. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन मात्र वाकडा होतो, हे मुलाला बोटांनी कळतं. हे मी मोबाईलवर दाखवून पाहिलं आहे. नाही कळत.

मुलांचे आवाज रेकॉर्ड करताना पालकांना विचारा, फाइलला मुलाचं नाव देऊ नका आणि ती सगळ्यांना उघडी ठेवू नका. आजी-आजोबांनाही विचारा. एका काकांनी आवाज द्यायला नकार दिला, तो त्यांचा हक्क आहे.

कार्डं आता 64 झाली आहेत. शेवटची आठ त्या मुलीने मागून घेतली. आजीचा आवाज पुरे, आता माझा, म्हणाली. “हा माझा चेंडू, ही माझी वही” हे वाक्य तिने अकरा वेळा रेकॉर्ड केलं, कधी स्कूटर मध्ये आली, कधी स्वतःच हसली. मागच्या रविवारी तिच्या गटात कार्ड आलं तेव्हा तिने कोणालाच सांगितलं नाही की हा आवाज तिचा आहे. पैज लावून बसली होती. आजी मागच्या बाकावरच होत्या, चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि परत तिच्याच हातात दिलं. “वाच बाई तूच,” म्हणाल्या. तिने वाचलं.

झ ची कार्डं अजून कमी आहेत. कोणाच्या घरी बोलायला तयार असलेली आजी, मावशी, काका असतील तर शनिवारपर्यंत कळवा. हेल कुठलाही चालेल.